कीर्तीने सांगायचं, शैलेशने टाइप करायचं

वर्षभर कीर्ती म्हात्रे स्टुलावर बसली आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

दोन हजार नऊ-दहाचं साल. पनवेलमधल्या एका कॉलेजात एफवाय बीएससीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली पोरं भरपूर, आणि लॅबमध्ये चालू असलेली मशीनं मोजकी. बाकीच्या पडद्यांवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला. तो कागदसुद्धा पिवळा पडलेला. म्हणून एका मशीनवर दोघं, रोल नंबरप्रमाणे. प्रत्येक मशीनपुढे चाकांची एक खुर्ची आणि कॅन्टीनमधून उचलून आणलेलं एक लाल प्लास्टिकचं स्टूल. पहिल्या दिवशी शैलेश मोरे आधी पोचला आणि खुर्चीवर बसला. कीर्ती यायची जासईहून. रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागलेली, एसटी रखडली, उशीर झाला, तिच्या वाट्याला स्टूल आलं. एवढंच झालं. पण आपल्याकडे पहिल्या दिवशी जो जिथे बसला ती त्याची जागा. त्यात पुन्हा विचारायचं काही राहत नाही.

शैलेश पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याच्या काकांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. दहावीपासून तो दुपारी तिथे बसून मालाच्या पावत्या टाइप करायचा, त्यामुळे कीबोर्डवर त्याची बोटं अशी पळायची की बघत राहावं. खाली बघायचा नाही, अडखळायचा नाही. फक्त काय टाइप करायचं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागायचं. पावत्यांचं तसंच असतं. काका सांगायचे, हा मारायचा.

इथे काकांच्या जागी कीर्ती आली. तिला ‘सी’ ही प्रोग्रॅमची भाषा पहिल्या महिन्यातच उमगली होती. अवधूत सरांनी फळ्यावर लूप काढला, तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरवून आतला आकडा एकेक वाढवून दाखवला, आणि तिला वाटलं, हे तर सरळ आहे! मशीनला अक्कल नाही, त्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, आणि सांगायला तिला आवडायचं. मराठी माध्यमात शिकलेली पोर, तिच्या तोंडी शाळेतलेच शब्द. “व्हॉइड मेन. कंस उघड, कंस बंद. आता महिरपी कंस उघड.”

“महिरपी म्हणजे तो फुलवाला?” शैलेश विचारायचा.

“तोच. उघडलास का? आता खालच्या ओळीवर ये. इंट आय स्वल्पविराम एन अर्धविराम.”

तो मारत जायचा, ती सांगत जायची. त्यांचं मशीन सगळ्यांच्या आधी मोकळं व्हायचं. अवधूत सर खूश. ते बिचारे तासांवर नेमलेले, सकाळी पनवेल, दुपारी उरण; जो ग्रुप लवकर उठेल तो त्यांना लाडका. सर यायचे, पडद्यावरचं उत्तर बघायचे, दोघांच्या जर्नलवर सही करायचे आणि शैलेशच्या पाठीवर थाप मारायचे. दर वेळी शैलेशच्याच. थाप मारायला त्याचीच पाठ सोयीची होती, कारण मशीनपुढे तोच असायचा. कीर्तीला राग यायचा, पण सही होतेय ना, मग जाऊ दे, असं म्हणून ती गिळायची.

जानेवारीच्या शेवटी सरांनी सांगितलं की फेब्रुवारीत कॉलेजची प्रॅक्टिकल परीक्षा होईल, बॅच पाडून, एका मशीनवर एकानेच बसायचं. जो नापास होईल त्याचं जर्नल सर्टिफाय होणार नाही, आणि जर्नल नाही तर वार्षिक परीक्षेला बसायचं नाही. म्हणजे वर्ष गेलं.

प्रोग्रॅम कीर्तीला सगळे येत होते, त्यामागचं कारण येत होतं, पण अर्धविरामाचं बटण कीबोर्डवर नेमकं कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. स्टुलावरून तिला पडदा दिसायचा. कीबोर्डवर कायम शैलेशचे पंजे.

पुढच्या प्रॅक्टिकलला तिने धीर करून विचारलं, “आज मी बसू का खुर्चीवर?”

“बस की!” म्हणून शैलेश लगेच उठला. तिला वाटलं होतं नाही म्हणेल, आणि नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. ती बसली. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला लागणारं ते चौकटीचं चिन्ह, हॅश, शोधायला लागली. तिचं बोट कीबोर्डवरून फिरतंय, फिरतंय, आणि शेजारून शैलेशचा हात आला. “हे इथे. शिफ्ट धरून.” मारलंसुद्धा त्याने. मग पुढचं अक्षर. पुन्हा हात. “हे बघ, हे वर आहे.” चार ओळींनंतर तो स्टुलावर बसून खुर्चीपुढच्या कीबोर्डवर वाकून टाइप करत होता आणि ती अंग चोरून मागे सरली होती.

“मला मारू दे ना!”

“अगं, मी मदतच करतोय.”

तेवढ्यात मागून अवधूत सर. “म्हात्रे, वेळ जातोय. मागे दुसरी बॅच उभी आहे. शैलेशला करू दे.”

झालं. पुन्हा स्टूल. मदत करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हतं.

आता कुणी म्हणेल, घरी कॉम्प्युटर नव्हता का? होता! तीच तर खरी चीड. म्हात्र्यांच्या दुमजली घरात, खालच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी काचेच्या टेबलावर कॉम्प्युटर होता. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या, मोबदल्यात प्लॉट आले, थोरल्या भावाने, निकेशने, दोन ट्रेलर घेतले आणि कंटेनर यार्डात लावले, तेव्हाच तो आला होता. त्याच्यावर भामाबाईंनी, म्हणजे कीर्तीच्या आईने, स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर. पाहुणे आले की कव्हर सरकवून दाखवायचं, गेले की पुन्हा झाकायचं. हात लावायचा तो फक्त निकेशने. दोन-तीनदा कीर्तीने विचारून बघितलं होतं आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं होतं.

“नको हात लावू गो त्याला. माजा धंद्याचा काम हाय त्यान. व्हायरस घुसला तर?”

“माझ्या हातातून व्हायरस जातो का, दादा?”

“तुमच्या कॉलेजातून येतो. पोरा सांगतात.”

परीक्षेचा दिवस आला. कीर्तीला चिठ्ठी आली : दिलेली संख्या उलटी करून छापा. चिठ्ठी वाचतावाचताच प्रोग्रॅम तिच्या डोक्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या महिरपीपर्यंत उभा राहिला. दहाने भागायचं, बाकी उचलायची, उत्तराला दहाने गुणून त्यात मिळवायची. तोंडी सांगायचा असता तर चहा थंड व्हायच्या आत सांगून झाला असता.

ती कीबोर्डकडे बघत बसली. ए नंतर बी नाही. एस आहे. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा समोर बसवून विचारायला हवं होतं. एका बोटाने ती टाइप करू लागली. शिफ्टऐवजी भलतंच बटण दाबलं गेलं आणि सगळी अक्षरं मोठ्या लिपीत यायला लागली. ते तिला सहाव्या ओळीवर कळलं. मोठी अक्षरं ही भाषा चालवून घेत नाही. पुसायला गेली, तर मधलंच पुसायचं कसं ते आठवेना. शैलेश कुठलंतरी बटण धरायचा, पण कुठलं? मग शेवटापासून एकेक अक्षर खात खात ती पुन्हा वर गेली. एसी एवढा गार की बोटं आखडलेली आणि कपाळावर मात्र घाम.

पलीकडच्या रांगेत शैलेशचं नशीब बघा. त्याला फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम आला, जो त्याने वर्षभरात इतक्यांदा मारला होता की बोटांना पाठ झाला होता. आला, मारला, चालला. सर आले, पाठीवर थाप.

वेळ संपल्याचं सांगून सर कीर्तीच्या मशीनपाशी आले. पडद्यावर अर्धा लूप. कंस उघडलेला, बंद केलेला नाही.

“म्हात्रे, प्रोग्रॅम कुठे आहे?”

“डोक्यात आहे, सर.”

“डोक्यातला कंपाइल होत नाही. वर्षभर काय करत होतीस?”

“सांगत होते, सर!” कीर्तीचा आवाज एवढा चढला की मागची पोरं वळली. “मी सांगायचे आणि हा टाइप करायचा. प्रत्येक प्रोग्रॅम. विचारा त्याला!”

शैलेशने मान खाली घातली. “हो सर. तीच सांगायची.”

आता इथे काहीतरी व्हायला हवं होतं, असं तुम्हाला-आम्हाला वाटतं. सरांना ओशाळल्यासारखंही झालं असावं. पण परीक्षा एकेकट्याची होती. “मग आधी बोलायचं ना,” असं म्हणून त्यांनी यादीत तिच्या नावापुढे खूण केली. “पुढच्या शनिवारी री-टेस्ट. तेव्हाही झालं नाही तर माझ्या हातात काही नाही.”

आधी बोलायचं! जणू ती वर्षभर गप्प बसली होती. वर्षभर तिने दुसरं केलं काय होतं?

गेटवर शैलेश तिच्या मागे धावत आला. “सॉरी यार. मला वाटलं, तुला टाइप करायला आवडत नाही.”

“मी कधी म्हटलं तसं?”

“नाही म्हटलंस. पण मागितलंस पण नाही, त्या एका दिवशी सोडून.” मग म्हणाला, “खरं सांगू? फॅक्टोरियल चालला, पण का चालला ते मला अजून माहीत नाही. शनिवारी मी येऊ का तुझ्यासोबत?”

“खबरदार आलास तर,” कीर्ती म्हणाली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागली. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती रडली. नापास झाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त झोंबत होतं ते शैलेश अगदीच खोटं बोलला नव्हता हे.

घरी बातमी तिच्या चेहऱ्यावरूनच कळली. दयाराम म्हात्रे, तिचे बाबा, झोपाळ्यावर बसले होते. “मी तवाच सांगलं व्हतं,” ते म्हणाले. “डीएड कर. घराजवल शाला हाय. मास्तरीण झाली असतीस. ह्या कॉम्प्युटर आपल्या पोरींना जमाचा नाय.” त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, मायेनेच म्हटलं. “नाय झाला तर नाय झाला. वर्साभरान लगीन करून देव.”

त्या मायेनेच कीर्तीचं डोकं फिरलं. ती तरातरा हॉलमध्ये गेली आणि टेबलावरचं क्रोशाचं कव्हर तिने ओढून काढलं.

मशीन सुरू झालं. ज्यात सी भाषा चालते तो प्रोग्रॅम त्यात नव्हताच. लॅबमधून पेनड्राइव्हवर आणायची सोय नाही, तिथे पेनड्राइव्हला बंदी. असू दे. तिने नोटपॅड उघडलं. निदान बोटं तरी वळतील. पहिलंच चिन्ह हवं होतं चौकटीचं. शिफ्ट दाबायला गेली, तर शिफ्ट दबेना. जोर लावला, तरी नाही. उजवीकडचं दुसरं शिफ्ट दाबलं. ते दबलं आणि वर यायचंच विसरलं.

“आता काय!” ती किंचाळली. “कॉलेजात हा शैलेश, घरात हा कीबोर्ड!”

भामाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. “काय झाला गो? कशाला बोंबलतंस?”

कीर्तीने कीबोर्ड उचलला आणि उलटा करून टेबलावर आपटला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या पडल्या. कुंकवाचा भुगा पडला. मग टपटप तांदूळ.

भामाबाई बघतच राहिल्या. “अगो माजे बाय! ह्या तर दसऱ्याच्या अक्षता.”

दसऱ्याला दारातल्या दोन्ही ट्रेलरची पूजा झाली होती, कोयत्याची झाली होती, आणि घरातलं सगळ्यात महागडं हत्यार म्हणून कॉम्प्युटरचीही. भामाबाईंनी कीबोर्डाच्या प्रत्येक ओळीला हळदकुंकू लावून वर मूठभर अक्षता वाहिल्या होत्या आणि नारळ फोडून त्याचं पाणीही मनोभावे शिंपडलं होतं. डाव्या शिफ्टखाली तांदूळ अडकलेले, उजवं शिफ्ट नारळाच्या पाण्याने चिकटलेलं. दसऱ्यापासून.

“केरात नको टाकूस,” असं म्हणून भामाबाईंनी ते तांदूळ वेचले, कपाळाला लावले आणि तुळशीत टाकून आल्या. येताना केसातला आकडा काढून त्यांनी पोरीच्या हातात दिला. दोघी मायलेकी बटणं उचकटून खालचं कुंकू कोरत बसल्या, तेवढ्यात निकेश आला.

“कोनी हात लावला त्याला?”

“दादा,” कीर्ती उठून उभी राहिली, “दसऱ्यापासून तू यात काय काम केलंस?”

“धंद्याचा काम. तुला काय कलतं त्यान?”

“दोन्ही शिफ्ट बंद हायेत. दसऱ्यापासून या कीबोर्डवर एक कंस निघत नाय, टक्क्याची खूण निघत नाय. कसली बिलं केलीस?”

निकेश कीबोर्डकडे बघू लागला. भामाबाई निकेशकडे बघू लागल्या. बाहेर झोपाळ्याची करकर थांबली. गाड्यांच्या शर्यतीचा जो खेळ निकेश खेळायचा त्याला बाणांची चार बटणं पुरत होती, आणि ती चारही घासून गुळगुळीत झालेली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती.

“बरा हाय रे धंदा,” भामाबाई म्हणाल्या. मग आवाज चढवून, “दुपारचा तू यार्डात असतस. दुपारचा ह्या मशीन पोरीचा. कव्हर मी धुवाला टाकतंय, आता नको त्या कव्हर.”

झोपाळा पुन्हा सुरू झाला.

आठवडाभर कीर्ती कॉलेजातून आली की जेवणाआधी मशीनपुढे बसायची. नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. चालवून बघायची सोय नव्हती; बरोबर आहे की चूक हे मशीन सांगणार नव्हतं. पाण्यात न उतरता पोहायला शिकण्यासारखंच ते. ती स्वतःलाच सांगायची, “महिरपी उघड,” आणि बोट महिरपीवर जायचं. कधी चुकलं की स्वतःलाच शिव्या. आधी एक बोट, मग दोन, मग चार. शैलेशसारखी पळाली नाहीत ती, पण चालायला लागली. भामाबाई भाजी निवडायला मुद्दाम हॉलमध्ये येऊन बसायच्या आणि दर थोड्या वेळाने विचारायच्या, “झाला का गो?” त्या विचारण्याचाही तिला वैताग यायचा, पण कुणीतरी विचारत होतं.

शनिवारी लॅब रिकामी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर अवधूत सर पेपर तपासत बसलेले. कीर्ती आपल्या नेहमीच्या मशीनपाशी गेली आणि सवयीने स्टुलावर बसली. सरांनी मान वर केली. “अगं, खुर्चीवर बस.” तिला एवढी लाज वाटली की कान तापले. ती उठून खुर्चीवर बसली.

चिठ्ठी आली : दिलेली संख्या मूळ आहे की नाही ते सांगा. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच नि:शेष भाग जात नाही ती. म्हणजे दोनापासून एकेक आकड्याने भागून बघायचं, कुठे बाकी शून्य आली की ती मूळ नाही. ती ओठांतल्या ओठांत सांगत गेली आणि बोटं मारत गेली. व्हॉइड मेन. कंस. कंस. मध्ये एकदा थांबली, कुणी हात पुढे करून बटण दाबेल म्हणून. कुणी दाबलं नाही. तिनेच शोधलं. चालवला, तर चुकांची लाल यादी लागली. पहिली चूक वाचली : सातव्या ओळीला अर्धविराम नाही. तो दिला आणि सगळी यादी एकदम गेली.

काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकत होती, आकडा मागत होती. तिने सात टाकला. मूळ आहे. नऊ टाकला. मूळ नाही.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी प्रोग्रॅम वरून खाली वाचला, एक आकडा स्वतः टाकून बघितला, आणि तिच्या जर्नलवर सही केली. “चांगलं झालं, म्हात्रे. पास. ऊठ आता.”

कीर्ती उठली नाही. तिने एक्क्याण्णव टाकला. दिसायला मूळ वाटतो तो, पण नाही, तेराने जातो. मशीनने बरोबर सांगितलं. कुणी सांगितलं होतं मशीनला? तिने. तिनेच सांगितलं होतं आणि तिनेच टाइप केलं होतं. तिने आपला रोल नंबर टाकला. घराचा नंबर टाकला. निकेशच्या एका ट्रेलरचा नंबर टाकला, एक्केचाळीस सत्तावीस, आणि तो चक्क मूळ निघाला. ती एकटीच मोठ्याने हसली. वर्षभर हा खेळ हातभर अंतरावर चालला होता, हे आठवून तिला रडूही आलं, आणि डोळे पुसत तिने पुढचा आकडा टाकला.

“म्हात्रे,” दारात किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे असलेले सर वैतागून म्हणाले, “माझी उरणची एसटी जाईल. मला कुलूप लावायचंय.”

“लावा ना सर,” पडद्यावरची नजर न काढता कीर्ती म्हणाली, “मी बसते आत.”